जास्तीचे नऊशे

१ मार्च, शनिवार

आजपासून तीन महिने घराचा पैसा मी बघणार. कुणी दिला नाही, मागून घेतला.

झालं असं, मुलाच्या कारखान्याने आठवड्याच्या सहा दिवसांचे चार केले. गुरुवार-शुक्रवार मशीन बंद, पगार बंद. आणि त्याच आठवड्यात नातीला दात बनवायच्या कोर्सला जागा मिळाली. डॉक्टरकी नव्हे. डॉक्टरांना कवळ्या, दात करून देतात ते काम. दोन वर्षं. मला पसंत आहे. म्हाताऱ्यांची टंचाई काही पडायची नाही.

फी पंचेचाळीस हजार, ३१ मेपर्यंत, एकरकमी. नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. घरात आहेत सहा हजार.

काल रात्री मुलगा आणि सूनबाई कागद घेऊन बसले होते. "बघू." "करू काहीतरी." दोन तास. कागदावर चहाचा डाग सोडून काही उमटलं नाही. मी म्हटलं, आणा इकडे. सहा आहेत, एकोणचाळीस हवेत, तेरा शनिवार हातात आहेत. शनिवारी तीन हजार. याला दोन तास कशाला लागतात?

मुलगा म्हणाला, "आई, तू सहावी शिकलीस."

म्हटलं, "म्हणून तर लवकर झालं."

२ मार्च, रविवार

हॉस्पिटलच्या चादरी-कपड्यांची कोठी एकतीस वर्षं माझ्या ताब्यात होती. नऊ वॉर्ड. नियम एकच, जुनं द्या, नवं न्या. फाटकी चादर हातात दिल्याशिवाय नवी मिळायची नाही, मग मोठी सिस्टर येवो की मोठा डॉक्टर. घरातही आता तेच. साबणाचा झिजलेला तुकडा दाखवा, नवी वडी घ्या.

पगार झाला की आधी भाडं, लाइटबिल आणि बसचे पैसे बाजूला. लगेच आठवड्याचे दीड हजार बिस्किटाच्या डब्यात. खर्चाच्या आधी. लोक खर्च करून उरलं तर टाकतात, म्हणून उरत नाही. मग पाकिटं. स्वयंपाकाचं पाकीट सूनबाईकडे, आठवड्याला साडेतीन हजार. शुक्रवारी संध्याकाळी उरलेले पैसे पाकिटात परत, पावत्या खिळ्याला. आठवड्याचं उरलेलं तेही डब्यात.

सूनबाई म्हणाली, "बरं." ती नेहमीच बरं म्हणते. स्टेशनरीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाला बरं बरं म्हणून सवय लागली आहे.

८ मार्च, शनिवार

डब्यात दोन हजार शंभर पडले. कमी आहेत. पहिला आठवडा आहे म्हणून सोडलं.

टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापली. आत पाच दिवसांची पेस्ट निघाली. फ्रिजमध्ये खालचा कप्पा "आधी हे संपवा" असा ठरवला. तिथलं संपल्याशिवाय वरचं काढायचं नाही. नवीन काही घ्यावंसं वाटलं तर चार दिवस थांबायचं, पाचव्या दिवशी परत मागायचं. नातीने सोमवारी गाणी ऐकायचं, कानात घालायचं यंत्र मागितलं. आज पाचवा दिवस उलटून गेला, तिला आठवणही नाही. असंच असतं.

ती म्हणाली, "आजी, तुझ्या पेपरमिंटच्या गोळ्या कुठल्या पाकिटातल्या?"

म्हटलं, "ते घशाचं औषध आहे."

"मग चघळताना रस्त्यातल्या कुत्र्याला एक का देतेस?"

फार बोलते. दात चांगले बनवील.

१२ मार्च, बुधवार

आज एक चूक झाली. माझी. लिहून ठेवते, परत वाचायची नाही.

मुलाच्या कारखान्याच्या बुटाचा तळ सुटला. जाड टाचेचे, पुढे लोखंड असलेले, गेटवर बघूनच आत सोडतात असे बूट. तो म्हणाला नवे लागतील. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा, जुने दे. सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी ते बूट भंगारवाल्याला देऊनही आले. पन्नास मिळाले. मला वाटलं त्याच्याकडे दुसरा जोड असेल.

नव्हता. चपला घालून गेला, गेटवरून परत पाठवला. एका दिवसाचा पगार गेला, अकराशे. नवे बूट निराळे. कोपऱ्यावरच्या मोच्याने तळ शंभरात चिकटवून दिला असता.

कोठीत नियम चालायचा, कारण फाटकी चादर आत आली की मागे शेल्फावर चारशे पडलेल्या असायच्या. घरात शेल्फ नाही. हे माझ्या लक्षात यायला अकराशे लागले.

मुलगा दिवसभर चपला घालून खिडकीपाशी बसला. सूनबाई दुकानातून आली, चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा ठेवू?"

२२ मार्च, शनिवार

तीन शनिवार झाले. पंधरा हजार व्हायला हवे होते. अकरा हजार सहाशे आहेत.

कमी कुठे करणार? तांदूळ, डाळ, तेल शेजारच्या बाईबरोबर ठोक आणून वाटून घेतो. तिला सगळी चाळ रेडिओ म्हणते, एकदा लागली की बंद होत नाही, पण वजन चोख करते. मुलाचे केस मी कापते. टीव्हीवरचे पैसे भरायचे चॅनेल बंद केले. एका खोलीत दिवा लावला तर दुसरीतला विझवायचा. तरी तीन हजार होत नाहीत.

नात म्हणाली, "आजी, मोबाइलच्या दुकानात मुलगी हवी आहे. मी विचारून आले. कोर्स पुढच्या वर्षी बघू."

सूनबाई भांडी पुसत होती. तिचा हात थांबला.

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जागा तुझ्यासाठी कोण राखून ठेवणार? होईल म्हटलं ना मी. होईल म्हणजे होईल."

नात म्हणाली, "नक्की?"

"एकतीस वर्षं एक उशीची खोळ कमी पडली नाही माझ्याकडे."

ती अभ्यासाला बसली. खरं सांगायचं तर होईल कसं ते मला माहीत नाही. पण ते तिला कशाला सांगू.

५ एप्रिल, शनिवार

याला म्हणतात शिस्त. स्वयंपाकाच्या पाकिटातून दीड हजार परत आले. गेल्या महिन्यात पाचशे-सहाशे यायचे. डब्यात एकूण तीन हजार चारशे पडले. सूनबाईला म्हटलं, "बघ, मनावर घेतलं की जमतं."

ती म्हणाली, "हो आई."

तिने हल्ली सकाळी चालायला जायचं खूळ घेतलं आहे. पाचला उठून जाते, सातला परत. मुलाला विचारलं तर म्हणाला, जाऊ दे ना, तब्येतीला चांगलं. चालण्याने चेहऱ्यावर रंग येतो म्हणतात. हिचा तर उतरतो. आज जवळून गेली तर फिनेलचा वास आला. सकाळी उठून मोरी धुते वाटतं. बाटली बघितली, तेवढीच भरलेली. कमी वापरते. चांगलं आहे.

१९ एप्रिल, शनिवार

पुन्हा साडेतीन हजारांच्या आसपास. सलग तिसरा आठवडा.

रेडिओने सगळीकडे सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या दोघी पाकिटं घेऊन माझ्याकडे शिकायला आल्या. मी सांगितलं, पोटाला चिमटा काढायचा नाही, वाया जाणारं थांबवायचं. यादी केल्याशिवाय बाजारात पाय ठेवायचा नाही, भुकेल्या पोटी तर मुळीच नाही. त्या लिहून घेत होत्या. मला बरं वाटलं, लपवत नाही.

सूनबाई भिंतीला टेकून बसली होती, बसल्या बसल्या झोपली. मी म्हटलं, "एवढं चालू नये गं, अंगावर येतं." रेडिओ म्हणाली, "अहो, तिच्या हातांना काय झालंय? सालं निघाली आहेत." सूनबाईने हात पदराखाली घेतले. म्हणाली, साबण बदलला.

साबण मी बदललेला नाही. असो.

१० मे, शनिवार

चौतीस हजार चारशे. राहिले दहा हजार सहाशे, तीन आठवडे. होतंय.

खिळा पावत्यांनी भरला म्हणून आज सगळ्या काढल्या. इतके दिवस मी फक्त भाव बघत होते, कुणी फसवलं का ते. बेरीज केली नव्हती. पैसे जास्त येतात तेव्हा बेरीज कोण करतं?

या आठवड्याचं पाकीट साडेतीन हजारांचं. पावत्या दोन हजार नऊशेच्या. म्हणजे सहाशे परत यायला हवेत. आले दीड हजार.

परत केली. तेच. मागच्या आठवड्याची केली. नऊशे जास्त. त्याच्या मागची. नऊशे.

कोठीत माझ्या हाताखाली नवीन बाई आली की मी पहिल्या दिवशी सांगायची, चादर कमी भरली तर चोरी असेल, धुलाईत फाटली असेल, सापडेल. जास्त भरली तर घाबरायचं. जास्त म्हणजे कुठल्या तरी वॉर्डात कुणीतरी चादरीशिवाय झोपलंय आणि आपल्याला कळलेलं नाही.

नऊशे जास्त. दर आठवड्याला.

११ मे, रविवार

आधी मुलाला धरलं. म्हटलं, "उधार घेऊन पाकिटात टाकतोस का?" त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मला घ्यायचीच असती तर पहिल्याच दिवशी घेतली असती, आई. तुझे नियम कशाला सोसले असते?" खोटं बोलत नाही तो, त्याला जमत नाही. लहानपणापासून कान लाल होतात. आज झाले नाहीत.

मग घरात एकेकाचं सामान बघितलं, वॉर्डात बघायची तसं. सगळ्यांचं जागच्या जागी. पलंगाखाली सूनबाईच्या जुन्या चपला होत्या. उलट्या करून बघितल्या. तळाला फिनेलचा वास.

आज रविवार. आज ती चालायला गेली नाही. सातपर्यंत मेल्यासारखी झोपली होती. दीड महिना मला एवढंही दिसलं नाही, की रविवारी चालण्याला सुट्टी नसते.

१२ मे, सोमवार

तिच्या मागून गेले. फार लांब नाही, बँकेच्या मागच्या चार मजली इमारतीत. सगळी ऑफिसं. खालून काचेतून जिना दिसतो. ती दुसऱ्या मजल्यावर होती. पायऱ्या पुसत एकेक खाली येत होती. फडकं पिळायची पद्धत चुकीची आहे, मनगटावर ताण येतो.

आत गेले नाही. परत आले. चहा टाकला. सातला ती आली, म्हणाली, "आज तुम्ही लवकर उठलात?"

म्हटलं, "झोप झाली."

१४ मे, बुधवार

दोन दिवस झाले, बोलले नाही. का नाही, ते इथे तरी खरं लिहावं.

एक, ती थांबली तर आठवड्याला नऊशे कमी. तीन आठवड्यांचे सत्तावीसशे. फी भरत नाही. हा हिशोब मी तिच्या पायऱ्या बघत उभी होते तेव्हाच मनात केला. झाला आपोआप. लाज वाटली, पण झाला.

दुसरं, वरच्या मजल्यावरच्या दोघी. रेडिओ. सगळ्यांना मी पाकिटं शिकवली.

१५ मे, गुरुवार

दुपारी स्टेशनरी दुकानाचा मालक घरी आला. भला माणूस, पण आला तो गंभीर चेहऱ्याने. म्हणाला, "आजी, तुमची सूनबाई आज गल्ल्यावर झोपली. परवा पाचशेच्या नोटेवर हजाराची मोड दिली. मी काही बोललो नाही. पण असं चालणार नाही. आजारी असेल तर सांगा, आठ दिवस विश्रांती देतो. बिनपगारी."

बिनपगारी.

गुरुवार म्हणून मुलगा घरीच होता. तो आतून ऐकत होता. मालक गेल्यावर म्हणाला, "आई, तिला काय झालंय?" याला काहीच माहीत नव्हतं. शेजारी झोपतो आणि माहीत नाही. मी तरी कुठे वेगळी?

ती आल्यावर तिला समोर बसवलं. नात क्लासला होती ते बरं. म्हटलं, "बँकेच्या मागची इमारत. दिवसाचे दीडशे, सहा दिवस. बरोबर?"

ती म्हणाली, "कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

"आणि आज गुरुवार."

मी पावत्या सरळ करत बसले.

मुलगा म्हणाला, "अगं, मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खिडकीपाशी बसून आणखी वाईट वाटून घेतलं असतं. आणि आईंना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचंही पाकीट केलं असतं." हे ती रागाने नाही, भाव सांगावा तसं म्हणाली.

मी म्हटलं, "माझी पद्धत चुकली म्हणायचं. चार महिने लागले असते, मी तीन म्हटले."

"पद्धत चुकली नाही, आई. आधी पाचशे वाचत नव्हते, ते दोन हजार वाचायला लागले. पण तुम्ही पोरीला नक्की म्हणालात. त्या दिवसापासून तिने मोबाइलच्या दुकानाचं नाव काढलं नाही. म्हटलं, त्यावर पाणी नको पडायला."

मग म्हणाली, "आणि तसं वाईट नाही हो तिथे. दोन तास कुणी काही मागत नाही."

हे शेवटचं मला नीट कळलं नाही. पायऱ्या पुसण्यात काय आहे? पण लिहून ठेवलं.

१६ मे, शुक्रवार

रात्रभर एकच. मी तेल मोजलं, साबण मोजला, दिवे मोजले. घरात चार माणसं आहेत आणि कोण किती झोपतं ते मोजलं नाही.

सकाळी तिला उठू दिलं नाही. मी गेले.

तिथला मुकादम, सगळ्या सफाईवाल्यांवर देखरेख करणारा, पोट सुटलेला, शिट्टी वाजवत आला. म्हणाला, "आजी, वय काय?"

म्हटलं, "फडकी कुठे ठेवता ते दाखव." दाखवली. ओली, कोरडी, फिनेलची, सगळी एका बादलीत. म्हटलं, "असं ठेवलं तर महिन्यात कुजतात. मग तू नवी आणतोस. कोण पैसे देतं?" त्याने शिट्टी खाली घेतली.

ठरलं असं. काम तेच, पैसे तेच, पण माणसं वाटून. सोमवारी आणि बुधवारी सूनबाई, मंगळवारी आणि शनिवारी मी. मुकादम म्हणाला, "आणि गुरुवार-शुक्रवार?"

मी म्हटलं, त्याचं बघते.

बघायचं काय होतं? घरी आले तर मुलगा दारातच उभा. म्हणाला, "दोघी जाणार आणि मी झोपणार? माझे दोन दिवस रिकामेच आहेत." मी म्हटलं, "तू कधी झाडू धरला नाहीस." म्हणाला, "तू धरू दिला नाहीस." खरं आहे. कारखान्याने त्याचे दोन दिवस काढून घेतले तेव्हापासून ते दिवस घरात पडून होते, आणि मी टूथपेस्टच्या नळ्या कापत होते.

दुकानाच्या मालकाला जाऊन सांगितलं, आजारी नव्हती, झोप कमी होती, आता होणार नाही. विश्रांती नको. तो म्हणाला बरं.

२४ मे, शनिवार

एक्केचाळीस हजार तीनशे पन्नास. राहिले तीन हजार सहाशे पन्नास.

गुडघे दुखतात. दुखणारच. चौथ्या मजल्यापासून पुसत खाली यायचं, खालून वर नाही. सूनबाईला फडकं पिळायचं शिकवलं, मनगट सरळ ठेवून. तिने मला शिकवलं की तिसऱ्या मजल्यावरचा वकील सहालाच येतो, त्याची खोली आधी करायची.

मुलगा पहिल्या दिवशी बादली सांडून आला. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, बाप्याचा हात चांगला आहे, काचा चकाचक. मुलाने हे जेवताना दोनदा सांगितलं.

नातीला आता सगळं माहीत आहे. सांगितलं. ती रडली नाही, मला भीती होती रडेल आणि वेळ जाईल. विचारलं, "माझे कुठले दिवस?" मी म्हटलं, "तुझे सगळेच, पुस्तकासमोर." तोंड वाकडं केलं, पण बसली.

वरच्या मजल्यावरच्या दोघींना बोलावून सांगितलं, पाकिटांनी तीन हजार झाले नाहीत, दोन-अडीच झाले, बाकीचे आम्ही पायऱ्या पुसून आणले. म्हटलं, पाकिटं सोडू नका, पण पाकिटातून हवे त्याहून जास्त यायला लागले तर पैसे मोजू नका, माणसं मोजा. रेडिओ पहिल्यांदाच गप्प बसली. उद्यापर्यंत.

३१ मे, शनिवार

आज सफाईला माझा दिवस. सातला आले, नीट लुगडं नेसले, डबा उघडला. पंचेचाळीस हजार पन्नास.

मुलाने कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली होती, चौघं गेलो. ऑफिस एक वाजता बंद होणार, आमच्या पुढे अकरा जण. खिडकीतल्या बाईने नोटा दोनदा मोजल्या. मीही मोजल्या, तिच्याबरोबर, ओठांनी. दोघींच्या सारख्या आल्या. तिने शिक्का मारला आणि एक फॉर्म पुढे केला.

नात उभ्याउभ्या भरायला लागली. एका जागी थांबली. म्हणाली, "पालकांचा व्यवसाय लिहायचाय."

मुलगा म्हणाला, "लिही, कारखान्यात मशीन ऑपरेटर."

नातीने सूनबाईकडे बघितलं. "आणि आईचा? स्टेशनरीच्या दुकानात, आणि सकाळी सफाई. आजी, तुझाही लिहू? बाबांचीही सफाई आहे."

खिडकीतली बाई म्हणाली, "लवकर करा, मागे लोक आहेत."

नात म्हणाली, "पण एकच ओळ दिली आहे."

म्हटलं, "बारीक लिही. मावतं."

मावलं.